फिर्याद कोणीं करावी?

अहमदनगर जिल्ह्यास २०२४ सालीं सरकारनें अहिल्यानगर हें नांव दिलें. जामखेड तालुक्यांतील चौंडी गांवीं १७२५ सालीं जन्मलेल्या या बाईंच्या तोडीची व्यक्ति जिल्ह्याच्या मातींतून क्वचितच निपजली असेल, तेव्हां नांव दिलें तें योग्यच झालें. परंतु अहिल्याबाईंच्या चरित्राचें पहिलें पान आपण भराभर उलटून पुढें जातों. तेथें थोडें थांबावें असें आम्हांस वाटतें. होळकरांच्या घरीं त्या सून म्हणून आल्या तेव्हां त्यांचें वय आठ-नऊ वर्षांचें होतें. ही गोष्ट त्या काळीं कोणास खटकली नाहीं. लग्नव्यवहारांत सरकार हात घालीत नसे असें मात्र नव्हे. मुलीबद्दल पैसे घेऊन तिला देऊं नये, अशा ताकिदी पेशवाईंत सुटलेल्या आहेत व त्या मोडणारास दंडहि सांगितलेला आहे. पण त्या ताकिदींतील तक्रार धर्माची आहे, मुलीची नव्हे. कन्याविक्रय हें पाप, म्हणून तो बंद. विकली जाणारी कन्या त्या कागदांत कोठेंच बोलत नाहीं, आणि तिच्या वतीनें दुसरेंहि कोणी बोलत नाहीं.

बालकांच्या संरक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा आंकड्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वयाची मर्यादा दहा होती ती बारा झाली, बारांची चौदा, चौदांची सोळा आणि शेवटीं अठरा. हा जिना खरा आहे आणि त्याची एकेक पायरी चढतांना आपल्या वडीलधाऱ्यांचा घाम निघाला हेंहि खरें. परंतु त्याला लागूनच दुसरा एक प्रश्न सतत उभा राहिलेला आहे. मूल स्वतः फिर्याद करीत नाहीं. मग ती करावी कोणीं, आणि करणारास काय भोगावें लागतें? या प्रश्नाचा मागोवा घ्यावयास नगर जिल्ह्यासारखा दुसरा जिल्हा नाहीं.

अमेरिकन मिशनचे लोक नगरास आले ते १८३१ सालीं. पुढें १८३९ सालीं मिस सिंथिया फरार या बाई मुंबईहून येथें आल्या आणि १८६२ सालीं येथेंच मरण पावल्या. या दोन तपांत त्यांनीं मुलींच्या शाळा चालविल्या. जोतीराव फुले यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे नगरास नोकरीस होते. त्यांच्याकडे आले असतां जोतीरावांनीं ही शाळा पाहिली आणि पुण्यास जाऊन मुलींची शाळा काढली, ही हकीकत वाचकांच्या परिचयाची आहे. आम्हांस येथें शाळेच्या दुसऱ्याच एका गुणाकडे लक्ष वेधावयाचें आहे. शाळा आली म्हणजे हजेरीपट आला. मुलीचें नांव, बापाचें नांव, वय, ती कधीं आली आणि कधींपासून येईनाशी झाली, हें लिहून ठेवणारें एक परकें माणूस गांवांत बसलें. तोंवर मुलीचें वय म्हणजे आईच्या स्मरणांतील एखादा पूर किंवा एखादी पटकीची सांथ. त्या हजेरीपटाचें माहात्म्य आजहि टिकून आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें वयाचा वाद पडला कीं प्रथम शाळेचा दाखला पाहावयाचा, तो नसेल तर नगरपालिकेचा अगर पंचायतीचा जन्मदाखला, आणि तोहि नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी. आपल्या खेड्यांत एक जून हा दिवस हजारों माणसांचा वाढदिवस आहे, याबद्दल शहरांतील मंडळी हंसतात. गुरुजींनीं अंदाजानें लिहिलेली ती तारीख खोटी असेल. पण एखाद्या मुलीच्या हातांत वयाचा तेवढाच एक पुरावा असतो.

दुष्काळांनीं हा प्रश्न निराळ्याच रूपानें पुढें आणला. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या तिन्ही दुष्काळांत नगर जिल्हा पोळून निघाला. आईबाप मेलेलीं, टाकून दिलेलीं, मूठभर धान्यासाठीं दुसऱ्याच्या स्वाधीन केलेलीं मुलें रस्तोरस्तीं दिसूं लागलीं. जोतीराव व त्यांच्या सत्यशोधक मंडळींनीं १८७७ सालीं पुण्याजवळ धनकवडीस मुलांसाठीं अन्नछत्र घातलें. पंढरपुरास प्रार्थनासमाजाच्या मंडळींचें बालकाश्रमाचें काम त्याच सुमारास उभें राहिलें. १८९७ सालीं पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत जाऊन दुष्काळग्रस्त मुली गोळा करून घेऊन आल्या आणि दौंडजवळच्या केडगांवीं (नगरच्या वेशीवरचें केडगांव तें हें नव्हे) मुक्तिसदन वसलें. मुली हेरणारे दलाल दुष्काळाच्या वस्त्यांभोंवतीं कसे घिरट्या घालीत होते हें रमाबाईंनीं उघडपणें लिहिलें आहे, आणि मुलांचा व्यापार हा दुष्काळाचा जोडधंदा असतो ही गोष्ट आपल्याकडे इतक्या स्पष्टपणें त्यापूर्वीं फारशी कोणीं मांडलेली नव्हती. नगरच्या मिशननें शेंकडों अनाथ मुलें पदरीं घेतलीं आणि त्यांस सुतारकाम, विणकाम असले धंदे शिकविले.

यावर आपल्या समाजांत जो वाद माजला तो वाचतांना मन खिन्न होतें. मुलें जगलीं किती, यापेक्षां तीं कोणत्या धर्मांत गेलीं याचीच चर्चा अधिक. ती चर्चा अगदींच निराधार होती असें आम्ही म्हणत नाहीं. उपाशी मुलाचा धर्म बदलणें हा व्यवहार सरळ नव्हे, आणि त्या धास्तीनेंच पुढें हिंदूंचेहि अनाथाश्रम निघाले, हा त्यांतला फायदा. पण मूल हें दोन समाजांमधील दाव्यांतली मिळकत ठरलें, आणि मिळकतीला कोणी साक्षीदार म्हणून बोलावीत नाहीं. सरकारचेंहि तेंच. गुन्हेगार जमातींच्या कायद्यास १८९७ सालीं जी पुरवणी जोडली गेली तिच्यांत चार ते अठरा वर्षांचीं मुलें आईबापांपासून तोडून निराळ्या वसाहतींत ठेवण्याचा अधिकार सरकारनें घेतला. हें सर्व सुधारणेच्या नांवाखालीं. पारधी, कैकाडी यांच्या पालांवर अविश्वासाचा जो शिक्का तेव्हां बसला तो तो कायदा १९५२ सालीं रद्द झाल्यावरहि पुसला गेलेला नाहीं. मुलाचें रक्षण करतों असें म्हणणारा प्रत्येक जण त्याचा हितकर्ता असतोच असें नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

संमतिवयाच्या वादाबद्दल येथें फार लिहीत नाहीं, कारण मराठी वाचकास तो तोंडपाठ आहे. १८६० च्या दंडसंहितेंत मर्यादा दहा वर्षांची होती. मलबारींनीं १८८४ सालीं आपलीं टिपणें प्रसिद्ध केलीं, त्याच वर्षीं रखमाबाईंचा खटला उभा राहिला, १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या अत्याचारानें मेली, आणि १८९१ च्या मार्चांत मर्यादा बारा वर्षांवर आली. रानडे, तेलंग, भांडारकर एका बाजूस, टिळक दुसऱ्या बाजूस. टिळकांस बालविवाह हवा होता असें समजणें चूक आहे. मुलींचीं लग्नें सोळा वर्षांनंतर करावीं, पण तें सुधारकांनीं स्वतः लेखी बांधून घेऊन करावें, परक्या सरकारच्या कायद्यानें नव्हे, असा त्यांचा प्रतिप्रस्ताव होता. रानड्यांनीं स्वतः १८७३ सालीं अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें होतें, हें प्रतिपक्ष विसरला नाहीं. इंग्रजांनींहि आपल्याकडे नाक मुरडावें अशी त्यांची स्थिति नव्हती. इंग्लंडांत ही मर्यादा १८७५ पर्यंत बाराच होती व ती सोळा झाली १८८५ सालीं. या सगळ्या गदारोळांत आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणीं फारसा विचारला नाहीं. घराच्या चार भिंतींत घडणारा हा गुन्हा पोलिसांस सांगणार कोण? सासू? मुलीची आई?

उत्तर मिळावयास सदतीस वर्षें लागलीं. १९२८ सालीं सरकारनें संमतिवयाची चौकशी करण्यास समिति नेमली. तिचे अध्यक्ष अमरावतीचे सर मोरोपंत जोशी. गांवोगांवच्या साक्षी घेऊन समितीनें जें सांगितलें त्याचा मथितार्थ असा कीं, १८९१ चा कायदा लोकांस ठाऊकच नाहीं, आणि ज्यांस ठाऊक आहे ते घरची लाज चव्हाट्यावर आणीत नाहींत. याच वेळीं अजमेरचे हरविलास सारडा यांचें बिल विधिमंडळापुढें होतें. तें १९२९ सालीं मंजूर झालें आणि १ एप्रिल १९३० पासून अंमलांत आलें. मुलीस चौदा, मुलास अठरा. मधल्या सहा महिन्यांत देशभर लग्नांची एकच झुंबड उडाली. १९३१ च्या खानेसुमारींत तिचे पडसाद उमटले आहेत.

सारडा कायद्याचीं कलमें आज पुन्हा वाचण्यासारखीं आहेत. गुन्हा घडला तरी पोलिसांनीं आपण होऊन हात घालावयाचा नाहीं. कोणीतरी खाजगी इसमानें लग्न झाल्यापासून वर्षाच्या आंत मॅजिस्ट्रेटापुढें फिर्याद करावयाची. आणि ती केली कीं, आरोपीस समन्स निघण्यापूर्वीं फिर्यादीकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा जातमुचलका लिहून घ्यावयाचा. फिर्याद खोटी ठरली तर नुकसानभरपाईची सोय असावी म्हणून! शंभर रुपये ही त्या काळीं शेतमजुराची कित्येक महिन्यांची मिळकत होती. शेजारच्या घरीं नऊ वर्षांच्या पोरीस बाशिंग बांधलेलें पाहून ज्याचें काळीज हललें त्यानें आधीं तालुक्याचा वकील गांठावा, मग जिल्ह्याची वाट धरावी, मग जातमुचलका द्यावा, आणि एवढें करून आरोपीस फार तर महिन्याची साधी कैद, लग्न कायमच. शिवाय नगर जिल्ह्याची सरहद्द लांबच लांब निजामाच्या मुलखाशीं भिडलेली. गोदावरीच्या पलीकडे, जामखेडच्या भोंवतीं, सारडा कायदा नाहीं. वऱ्हाड सरहद्दीपलीकडे न्यावयास कितीसा वेळ! १९३८ च्या दुरुस्तीनें ही पळवाट बुजविली, आणि तो शंभरांचा जातमुचलका १९४९ सालीं गेला. वीस वर्षें मात्र कायद्याचा पहिला संशय मुलीस नवरीं करणारावर नव्हता, तिच्यासाठीं तोंड उघडणारावर होता.

याच पिढींत दुसरेंहि कांहीं काम झालें. विठ्ठल रामजी शिंदे यांनीं खंडोबास मुली सोडण्याच्या, म्हणजे मुरळीच्या चालीविरुद्ध चळवळ केली आणि मुंबई इलाख्यांत १९३४ सालीं देवदासींच्या संरक्षणाचा कायदा झाला. अनाथ व वाट चुकलेल्या मुलांसाठीं १९२४ चा बाल-अधिनियम आला. रिमांड होम हा शब्द मराठींत आला तो त्याच्याच पाठोपाठ. पण हीं सर्व कामें मुंबई-पुण्यांत जितकीं रुजलीं तितकीं जिल्ह्यांत रुजलीं नाहींत.

स्वातंत्र्यानंतर नगर जिल्ह्यांत जें घडलें तें अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीं अभिमानानें सांगितलेलें आहे. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. प्रवरेच्या व गोदावरीच्या कालव्यांखालचा उत्तरेकडील भाग हिरवा झाला. पण याच जिल्ह्याचा पूर्व-दक्षिण भाग, पाथर्डी, शेवगांव, जामखेड हे तालुके, कोरडाच राहिला. एका जिल्ह्यांत ऊंस पिकविणारा तालुका आहे आणि ऊंस तोडावयास जाणाराहि आहे. महाराष्ट्रांत असें चित्र इतकें ठळक दुसरीकडे क्वचितच दिसेल.

या ऊंसतोडीच्या हिशोबाची रीत समजल्याशिवाय आजचा बालविवाह समजत नाहीं. मुकादम हंगामापूर्वीं उचल देतो ती माणसास नव्हे, कोयत्यास. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्यास उचलहि अर्धी. दसरा-दिवाळीनंतर हीं कुटुंबें निघतात तीं उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मधले पांच-सहा महिने फडाजवळच्या कोपींत. लहान मुलें बरोबर जातात. मोळ्या बांधणें, वाढें गोळा करणें, धाकट्यास सांभाळणें, हें काम कोणाच्या नांवें मांडलें जात नाहीं. तें आईबापांच्या कोयत्यांतच जमा. चौदा वर्षांखालील मुलांस कामास लावणें कायद्यानें बंद आहे हें खरें, पण ज्या मजुराचें नांवच कोठें नाहीं त्याला सोडवावयाचें कसें? आणि वयांत येऊं लागलेली मुलगी? तिला फडावर नेलें तर कोपीला दार नाहीं. गांवीं ठेवली तर म्हाताऱ्या आजीच्या भरंवशावर. मग चौदा-पंधरा वर्षांचीच तिला उजवून टाकितात. जांवयाकडचा अर्धा कोयता पुरा होतो आणि बापाच्या जिवाचा घोर मिटतो. या बापास अडाणी म्हणणें सोपें आहे. आमच्या मतें तो हिशोब नीट करतो. हिशोबाचे आंकडे मात्र त्यानें मांडलेले नाहींत. साखरशाळा, हंगामी वसतिगृहें आणि २०२१ सालीं ठरलेलीं संत भगवानबाबा वसतिगृहें हीं सर्व त्या आंकड्यांना हात घालणारीं आहेत, म्हणून लग्नाच्या मांडवांत पोलीस धाडण्याहून आम्ही त्यांची किंमत अधिक समजतों. महाराष्ट्रांत वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकीं शेंकडा सुमारें २२ जणींचें लग्न अठराव्या वर्षाआधीं झालेलें होतें, असें २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत आढळलें. मुलीच्या लग्नाची अठरा ही मर्यादा १९७८ सालची आहे.

मग फिर्यादीचें काय झालें? २००६ च्या कायद्यानें बालविवाह हा दखलपात्र व बिनजामिनी गुन्हा केला आणि तो रोखण्यासाठीं अधिकारी नेमावयास सांगितलें. आपल्या राज्यांत खेड्यापुरतें हें ओझें ग्रामसेवकावर आलें. ज्यानें घरपट्टी वसूल करावयाची, ज्याची गांठ रोज सरपंचाशीं, त्यानेंच सरपंचाच्या भावकींतलें लग्न मोडावयाचें. अशीं लग्नें ग्रामसेवकांनीं व अंगणवाडीच्या बाईंनीं मोडलेलीं आहेत, आणि त्यांचें आम्हांस कौतुक वाटतें. परंतु ज्या गांवांत दिवस काढावयाचे त्याच गांवाशीं वैर धरा, असें सांगणारा कायदा माणसाकडून फार मोठी अपेक्षा करतो.

जामखेडास डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनीं १९७० पासून जो प्रयोग केला त्याचें मर्म आम्हांस येथें दिसतें. त्यांनीं गांवाबाहेरचा अंमलदार आणला नाहीं. गांवानेंच निवडलेली एक बाई, बहुधा निरक्षर, पुष्कळदां दलित, तिला आरोग्याचें शिक्षण दिलें. बाळंतपण तीच पाहणार, तापांत औषध तीच देणार. अशा बाईनें एखाद्या आईस ‘पोरीचें एवढ्यांत नको, हाडें अजून कच्चीं आहेत’ असें म्हटलें तर ती धमकी वाटत नाहीं. या कामास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. नगर शहरांत गिरीश कुलकर्णी या तरुणानें १९८९ सालीं वेश्यावस्तींतील मुलांसाठीं जें काम आरंभिलें तें स्नेहालय. आईच्या खोलींत गिऱ्हाईक असतां मूल रात्रीं कोठें जातें, एवढाच त्याचा पहिला प्रश्न. मुंबईस १९९६ सालीं १०९८ या क्रमांकाची चाइल्डलाइन सुरू झाली आणि हळूहळू देशभर पसरली. त्या क्रमांकावर मूल स्वतः बोलूं शकतें. वाचकांनीं क्षणभर अहिल्याबाईंच्या काळाशीं ताडून पाहावें: पक्षकारास आपलें तोंड मिळालें.

आणि २०१२ सालीं पारडें अगदींच उलटलें. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा जो कायदा त्या वर्षीं झाला, ज्याला लोक पोक्सो म्हणतात, त्याच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणें अशा अपराधाची माहिती ज्याला असेल त्यानें ती पोलिसांस दिलीच पाहिजे. न देणारास सहा महिन्यांपर्यंत कैद. सद्भावनेनें माहिती देणारावर मात्र कोणताहि दावा चालणार नाहीं. १९२९ सालीं बोलणारानें जातमुचलका द्यावयाचा होता. २०१२ पासून गप्प बसणारानें शिक्षा भोगावयाची. ब्यायशीं-त्र्यायशीं वर्षांत कायद्याची दृष्टि इतकी फिरली.

समाजाची फिरली काय? २०१६ च्या जुलैंत कर्जत तालुक्यांतील कोपर्डी गांवीं एका शाळकरी मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. सारा महाराष्ट्र रस्त्यावर आला, लाखोंचे मूक मोर्चे निघाले, आणि १९१७ नव्हे, २०१७ सालीं, म्हणजे दीड वर्षाच्या आंत, नगरच्या सत्र न्यायालयानें तिघां आरोपींस फांशीची शिक्षा सुनावली. तो संताप खरा होता. त्यांत जातीच्या मागण्या मिसळल्या हाहि इतिहास आहे. पण रानांत गांठून केलेल्या अत्याचारावर पेटून उठणारा तोच समाज पंधरा वर्षांच्या मुलीच्या लग्नास अक्षता घेऊन जातो. २०१७ सालींच सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं अठरा वर्षांखालील पत्नीशीं संबंध हाहि बलात्कारच होय. कायद्याच्या दृष्टीनें तो मांडव म्हणजे अपराधाची पूर्वतयारी, आणि आहेर घेऊन बसलेले आपण सारे माहितगार.

याचा सगळ्यांत कठीण पेंच दवाखान्यांत पडतो. हंगाम संपवून परत आलेली सोळा वर्षांची गरोदर मुलगी तालुक्याच्या रुग्णालयांत येते. डॉक्टरनें वय लिहिलें कीं पोलिसांस कळविणें भाग. कळविलें कीं तिचा नवरा आंत, सासरा आंत, कदाचित् बापहि. ही वार्ता एका वस्तींतून दुसऱ्या वस्तींत पोंचावयास वेळ लागत नाहीं, आणि मग पुढची मुलगी दवाखान्यांत येतच नाहीं. खोटें वय सांगते, किंवा कोपींतच बाळंत होते. तिच्याच रक्षणासाठीं केलेलें कलम तिला सुइणीच्या हातीं सोडतें. सर्वोच्च न्यायालयानें २०२२ च्या सप्टेंबरांत यावर एक वाट काढली: अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठीं आली असतां डॉक्टरनें पोलिसांस खबर द्यावी, पण मुलीची व तिच्या पालकांची इच्छा असल्यास तिचें नांव उघड करूं नये. मूल ठेवूं इच्छिणाऱ्या मुलीस मात्र अशी वाट अजून कोणीं काढून दिलेली नाहीं.